आबाजींचा वॉकमन

आमच्या घरात एक वॉकमन होता आणि त्याचे दोन मालक होते. कॅसेटचा मालक मी, रेडिओचे मालक आबाजी, म्हणजे माझे आजोबा. वस्तू एकच असल्यामुळे भांडणं व्हायची, आणि घरातले सगळे आबाजींच्या बाजूने असायचे.

गाव अड्याळ, जिल्हा भंडारा. पुण्यातल्या मित्रांना हे सांगितलं की ते म्हणतात, "म्हणजे नागपूरच्या अलीकडे की पलीकडे?" पलीकडे. भंडाऱ्याहून पवनीला जाणाऱ्या रस्त्यावर. भाताचा मुलुख, म्हणजे आमच्या बोलीत धानाचा. भाताच्या शेताला आम्ही बांधी म्हणतो, लावणीला रोवणी म्हणतो, आणि पावसाळ्यात निम्मं गाव गुडघाभर चिखलात असतं.

१९९३ च्या जुलैत मी अकरावी सायन्सला गेलो. दहावीपर्यंत सगळं मराठीतून आणि एकदम फिजिक्स इंग्रजीतून! बाबांनी त्यावर उपाय काढला. नागपूरला सीताबर्डीवर जाऊन एक वॉकमन आणि इंग्रजी संभाषणाच्या चार कॅसेट घेऊन आले. 'वॉकमन' हे आपलं कौतुकाने म्हणायचं. खरा वॉकमन सोनीचा. आमच्या डबीवर नाव जपानी वाटेल असं होतं, पण जपानला त्याची काही कल्पना नसावी. काळं प्लॅस्टिक, कमरेला अडकवायची क्लिप, फोमचे हेडफोन, आणि किंमत वाढवणारी गोष्ट म्हणजे रेडिओ.

आता आबाजींबद्दल. त्यांना ऐकू कमी येतं हे मला कळायला लागल्यापासून माहीत होतं. भंडाऱ्याच्या एका डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं होतं, पण ते सगळंच मोठं करून ऐकवायचं. भांड्यांचा आवाज, कोंबड्या, पावसाचं छप्पर, सगळं. आबाजींनी ते दोन महिने लावलं आणि मग पानाच्या डब्यात ठेवून दिलं. चारचौघांत बोलणं चाललं असलं की ते मान पुढे करून विचारायचे, "का म्हन्ते जी?" आणि जो कोणी जवळ असेल तो म्हणायचा, "काही नाही." वाईट हेतूने नव्हे हो. प्रत्येक वाक्य ओरडून परत सांगायचं म्हणजे बोलण्याची मजाच जाते. पण हिशोब केला तर त्या माणसाला दिवसातून वीस वेळा 'काही नाही' हेच उत्तर मिळत होतं.

एकदा मी वॉकमन छपरीतल्या खाटेवर ठेवून आंघोळीला गेलो. परत येतो तर आबाजींच्या डोक्यावर हेडफोन, डोळे मिटलेले, आणि आवाजाचं चाक शेवटपर्यंत फिरवलेलं. आकाशवाणी नागपूर लागलं होतं. मी त्यांच्यासमोर दोन मिनिटं उभा होतो, त्यांना पत्ताच नाही. मग डोळे उघडून म्हणाले, "बाबू, हा मानूस चांगला बोलते."

इंजिनिअर झाल्यावर यामागचं कारण कळलं. वयाने कान जातो तेव्हा आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, त अशी व्यंजनं नेमकी तिथेच असतात. त्यामुळे कोणीतरी बोलतंय हे कळतं, पण काय बोलतंय ते कळत नाही. त्यात आजूबाजूचा गोंगाट मिसळला की संपलंच. हेडफोनमध्ये आवाज थेट कानाशी, मधे खोली नाही, कोंबड्या नाहीत. शिवाय बातम्या वाचणारा माणूस स्पष्ट उच्चार करतो, सावकाश बोलतो, आणि मुख्य म्हणजे कधीच 'काही नाही' म्हणत नाही.

झालं. त्या दिवसापासून रेडिओ त्यांचा.

डबीवर मीडियम वेव्हची पट्टी होती. नागपूर 'अ' केंद्र ५८५ किलोहर्ट्झला, म्हणजे पट्टीच्या डाव्या टोकाकडे. उजव्या टोकाला, १५६६ वर, राष्ट्रीय प्रसारण. हे १९८८ साली नागपूरहूनच सुरू झालं होतं, १००० किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून, आणि रात्रभर चालायचं. (२०१८ च्या डिसेंबरात प्रसार भारतीने ते बंद करायचं ठरवलं.) आबाजींना आकडे दिसायचे नाहीत, म्हणून त्यांनी पट्टीवर पानाच्या चुन्याचे दोन ठिपके लावले. डावा ठिपका दिवसाचा, उजवा रात्रीचा. म्हाताऱ्या माणसाला झोप कमी. त्यातलं हिंदी त्यांना कळायचं, उर्दू बरंचसं कळायचं, इंग्रजी अजिबात नाही, पण ऐकायचे सगळंच.

भांडण व्हायचं ते सेलवरून. दोन पेन्सिल सेल. कॅसेटची मोटर फिरवायला जेवढा करंट लागतो त्याच्या कितीतरी कमी करंटवर रेडिओ चालतो. म्हणजे मी एका संध्याकाळी दोन कॅसेट ऐकल्या की आबाजींच्या कित्येक दिवसांच्या बातम्या खलास! त्यामुळे माझ्यावर कडक नियम लागू झाले. रिवाइंड बटण दाबायचं नाही, कॅसेट पेन्सिलवर गरगर फिरवून मागे न्यायची. सेल उतरले की उन्हात ठेवायचे. इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंचा आवाज घोगरा होऊन त्या पुरुषासारख्या बोलायला लागल्या की सेल काढून आबाजींच्या स्वाधीन करायचे, कारण मोटरला न पुरणारे सेल रेडिओला अजून बरेच दिवस पुरत. थोडक्यात, माझी टाकाऊ ऊर्जा त्यांना टिकाऊ होती. पुढे मी मेमरी कमी असलेल्या मशीनवर प्रोग्रॅम लिहिले तेव्हा लोक घाबरायचे, मला काही वाटलं नाही. दोन सेलवर दोन युजर चालवलेला माणूस मी.

तीस सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, घर उशिरापर्यंत झोपलेलं. आबाजी सकाळी छपरीतून आत आले, हेडफोन गळ्यात. आई चुलीशी होती, बाबा दात घासत होते. आबाजी म्हणाले, "लातूरकडे जमीन हालली म्हन्ते. घरं पडली. मानसं झोपेत दबली."

बाबांनी मोठ्याने विचारलं, "कुठे जी? कधी?"

आणि आबाजींनी सगळं सांगितलं. पहाटे चारच्या सुमाराला. किल्लारी नावाचं गाव. हात हलवत, सावकाश, बातम्या वाचणाऱ्यासारखं. थोड्या वेळात शेजारचे चार-पाच जण अंगणात जमले. पुढचे कित्येक दिवस ते तसेच यायचे आणि आबाजी मृतांचा वाढत जाणारा आकडा सांगायचे. जवळजवळ दहा हजार माणसं गेली त्या भूकंपात. अशा बातमीबरोबर ही आठवण जोडलेली असावी हे विचित्र वाटतं. पण खरं सांगायचं तर घरातले सगळे आबाजींकडे मान पुढे करून 'काय म्हणतात?' असं विचारताहेत, हे मी त्या सकाळी पहिल्यांदा पाहिलं.

सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये आला. त्याला हेडफोनची दोन भोकं होती, आणि एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि छोट्या माइकमधून दोघं ऐकणारे एकमेकांशी बोलू शकायचे. सोनीच्या अकिओ मोरितांना वाटलं होतं की एकट्याने कानात गाणी ऐकत बसणं उद्धटपणाचं दिसेल. लोकांना तसं काही वाटलं नाही, आणि पुढच्या मॉडेलांमधून हे सगळं काढून टाकण्यात आलं. वॉकमनमुळे माणसं एकमेकांपासून तुटली, असं मग जगभर लिहिलं गेलं. असेलही. आमच्याकडे मात्र त्याने एक तुटलेला माणूस जोडला.

१९९५ ला मी इंजिनिअरिंगला नागपूरला गेलो. वॉकमन कोणी न्यायचा हा प्रश्न कोणी काढलाच नाही. इंग्रजीच्या चार कॅसेट तेवढ्या मी नेल्या. वाजवायला काही नव्हतं, पण हक्क म्हणून!

१९९९ साली बंगलोरला पहिली नोकरी लागली. घरी फोन नव्हता. गावातल्या एसटीडी बूथवर आई-बाबा ठरलेल्या वेळी यायचे, पण आबाजींना फोनवर काही ऐकू यायचं नाही. टेलिफोनच्या लाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. म्हणजे स आणि श आधीच कापलेले. साधी कॅसेट त्याच्या तिप्पट वर जाते. तेव्हा आखातात गेलेले लोक घरी कॅसेट भरून पाठवतात हे ऐकून होतो. पहिल्या पगारातून एक टेपरेकॉर्डर घेतला, साठ मिनिटांची कोरी कॅसेट घातली आणि बोलायला बसलो.

साठ मिनिटं एकट्याने बोलून बघा कधीतरी. ऑफिस कसं आहे, लिफ्टमध्ये आरसा आहे, भात इकडेही खातात पण आपल्यासारखा नाही, वायटूकेच्या भीतीने कंपनीत सगळे कसे रात्रभर जागतात. दहा मिनिटांत विषय संपले. मग सावकाश बोललो. कॅसेट पाकिटात घालून रजिस्टर्ड पोस्टाने अड्याळला रवाना.

आमचा वॉकमन फक्त वाजवायचा, रेकॉर्ड करायचा नाही. त्यामुळे आबाजींचं उत्तर पोस्टकार्डावर यायचं. पहिली दोन कार्डं पावतीसारखी होती. कॅसेट पोचली, धानाला पाणी बरं आहे, सेल नवे घातले. तिसऱ्या कॅसेटमध्ये मी नेहमीसारखं सांगितलं होतं की सगळं मजेत, भरपूर मित्र झालेत, काळजी करू नका. त्यावर हे कार्ड आलं :

'बाबूस आशीर्वाद. कॅसेट पोचली. तीनदा ऐकली. तू बोलते तेव्हा मागे कोनाचाच आवाज येत नाही. कुत्रा बी भुंकत नाही. एकटाच जेवते काय?'

घरात कोणालाही, फोनवर रोज ऐकू येणाऱ्या माणसांनाही, हे कळलं नव्हतं. कळलं ते ज्याला ऐकू येत नाही असं सगळे म्हणायचे त्याला. हो, मी एकटाच जेवायचो. खोलीवर, भिंतीकडे तोंड करून. तीन महिने.

चौथी कॅसेट भरायला मी टेपरेकॉर्डर उचलून मेसमध्ये गेलो. शेजारच्या टेबलवर बेळगावचा एक मुलगा बसायचा, ज्याच्याशी मी तोवर फक्त मान हलवून ओळख दाखवली होती. त्याला विचारलं, "माझ्या आजोबांशी दोन वाक्यं बोलतोस का?" तो वीस मिनिटं बोलला. बेळगावी मराठीत, ताटांच्या खणखणाटात. त्याचं पुढचं कार्ड दोनच शब्दांचं होतं. 'आता बरं.' तो बेळगावकर आजही माझा सगळ्यात जवळचा मित्र आहे.

आबाजी २००१ मध्ये गेले. वॉकमनचा रबरी पट्टा आता वितळून चिकट झालाय, कॅसेट फिरत नाही. चुन्याचे ठिपके मात्र अजून आहेत, थोडे पिवळे पडलेत.

अलीकडे ऑनलाइन मीटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मागचा आवाज कापणारी सोय असते. कुत्रा, पंखा, रस्ता, कुकरची शिट्टी, सगळं साफ, उरतो तो फक्त माणूस. कामासाठी उत्तम आहे, मीही रोज वापरतो. पण आई अड्याळहून फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवते तो मी दोनदा ऐकतो. एकदा ती काय म्हणते ते, आणि एकदा तिच्या मागे काय आहे ते. मागच्या महिन्यात सलग तीन वेळा मागे काहीच नव्हतं, शेजारच्या काकूंचा आवाज नाही, अंगण नाही. ती म्हणत होती, सगळं ठीक आहे. मी शुक्रवारी रात्रीची गाडी पकडली.

तर मंडळी, घरी आवाज पाठवाल तेव्हा खिडकी उघडी ठेवा.