खोका

माणसाची पत त्याच्या सामानावरून ठरते, असे आम्हां मध्यमवर्गीयांचे एक जुने मत आहे. त्यामुळे बंगळूरला लेकीकडे विमानाने जायचे ठरले आणि आमच्या हिने चिंचपाड्याच्या वाण्याकडून साबणाचा रिकामा खोका मागून आणला, तेव्हा माझे धाबे दणाणले.

"अहो, हिशेब करा," ती म्हणाली. "फुकट सामान न्यायचे पंधरा किलो. तुमची चाकांची बॅग रिकामीच चार किलोंची. खोका जेमतेम एक किलो. तीन किलो कुठे गेले?"

"पण लोक काय म्हणतील?"

"आपण लोकांना सामान दाखवायला चाललोय, की लेकीला भेटायला?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते. मी निमूटपणे सुतळी शोधू लागलो. तीही तिने नाकारली. सुतळीचा फास विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यात अडकतो म्हणे! त्याऐवजी तळाच्या नि वरच्या सांध्यांवर रुंद चिकटपट्टी दोनदा फिरवली. जड वस्तू खाली, हलक्या वर. मधल्या फटींत जुने कपडे कोंबले, कारण पोकळी राहिली की खोका दबतो. नाव-पत्ता बाहेर दोन बाजूंना आणि एक चिठ्ठी आतही.

पुढे कुतूहलाने मी या पुठ्ठ्याची कुळकथा वाचली. दोन सपाट कागदांमध्ये एक नागमोडी कागद, एवढीच त्याची करामत. तो नागमोडी कागद 1856 साली इंग्लंडात निघाला, तो उंच टोप्यांच्या आत अस्तर म्हणून! 1871 मध्ये अमेरिकेत आल्बर्ट जोन्स याने तो बाटल्या नि दिव्यांच्या काचा गुंडाळायला वापरला. नागमोडी उभ्या राहतील असा खोका ठेवला, तर पुष्कळ भार पेलतो. ओल लागली की मात्र मान टाकतो. म्हणजे स्वभाव थेट आमच्यासारखाच!

चिंचपाड्याहून रेल्वेने सुरत आणि तिथून विमान. विमानतळावर चकचकीत बॅगांच्या रांगेत आमचा साबणाचा खोका उभा राहिला, तेव्हा मी चार पावले लांब उभा राहून भिंतीवरच्या सूचना वाचू लागलो. ही मात्र खोक्यावर हात ठेवून ताठ उभी. बंगळूरला तो उघडला, तेव्हा नवापूरची तूरडाळ, मिरचीपूड आणि वरच्या थरातले उडदाचे पापड पाहून लेक जमिनीवरच बसली. एकही पापड मोडला नव्हता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात हिने पापड लाटले. पावसाळ्यात ती गेली.

दिवाळीला मी एकटाच निघालो. या खेपेस माझ्या मताला विरोध करायला कोणी नव्हते. नवी चाकांची बॅग घेतली. घरी ताणकाट्यावर वजन केले, तर अठरा भरले. काहीतरी काढणे भाग होते. डाळ लेकीला आवडते, मिरची जावयाला. पापडांचा डबा काढून फळीवर ठेवला.

बंगळूरला मी ऐटीत बॅग ओढत बाहेर आलो. लेकीने माझ्या मागे पाहिले.

"बाबा, खोका कुठाय?"

मी काही बोललो नाही. घरी बॅग उघडल्यावर तीही काही बोलली नाही. फक्त डाळीची पिशवी उचलून खाली पाहिले.

परत आलो तो थेट वाण्याकडे गेलो. पाच पदरी, कोरडा, कोपरे न दबलेला खोका निवडला. होळीच्या सुमारास पुन्हा निघालो. डबा घरीच ठेवला; पापड हिच्या जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून वरच्या थरात ठेवले.

सुरतेला खोका काट्यावर चढला. या वेळी मी त्याच्यावर हात ठेवून उभा होतो. काउंटरवरच्या मुलीने एक चिठ्ठी पुढे केली. नाजूक वस्तू मोडल्यास कंपनी जबाबदार नाही, असा काहीसा मजकूर होता.

"काका, आत मोडण्यासारखे काही आहे का?"

"आहे," मी म्हणालो आणि सही केली.