हरण

वाङ्मयचौर्य हा शब्द मला प्रथम भेटला तो शब्दकोशात नव्हे. स्वतःच्याच अपराधाच्या निमित्ताने. मी दहावीत होतो. धर्मग्रामाच्या सणानिमित्त निबंधस्पर्धा होती. एका जुन्या मासिकातील दोन परिच्छेद मी जसेच्या तसे उतरवले आणि पहिले बक्षीस मिळवले. बाबा तो निबंध घरी येणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवीत. नेमके त्या परिच्छेदांपाशी त्यांचा आवाज भरून येई.

पुढे शिक्षक झाल्यावर मी या अपराधाच्या नावाचे कूळ शोधले. इंग्रजीतील 'प्लेजिअरिझम'च्या मुळाशी लॅटिन 'प्लाजिआरिउस' आहे. त्याचा अर्थ माणसे पळवणारा, दुसऱ्याचा गुलाम लांबवणारा. पहिल्या शतकातील रोमन कवी मार्शल याच्या कविता कोणी एक जण स्वतःच्या म्हणून मिरवी. मार्शलने त्याला हेच नाव दिले. आपल्याकडे राजशेखराने 'काव्यमीमांसे'त शब्दहरण आणि अर्थहरण यांची चर्चा केली. दोन दूरच्या भाषांना येथे पळवून नेणेच आठवावे, हे मला अर्थपूर्ण वाटते. पैसा चोरला तर पैसाच जातो. शब्द पळवला तर त्याचे आईबाप तुटतात.

अर्थात, प्रत्येक घेणे म्हणजे हरण नव्हे. अनुवादक मूळ लेखकाचे नाव सांगतो, रूपांतरकार आधार मान्य करतो. अवतरणचिन्ह ही तर ऋणाची पावतीच. १६१६ साली छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'साठी फादर स्टीफन्स यांनी मराठी संतांची ओवी स्वीकारली. छंद सर्वांचा असतो. उचलेगिरीत मात्र धन्याचे नाव पुसलेले असते.

सातवी आज्ञा सांगते, चोरी करू नको. आठवी सांगते, खोटी साक्ष देऊ नको. माझ्या निबंधाने दोन्ही मोडल्या होत्या. प्रायश्चित्तसंस्काराच्या वेळी मी ते कबूल केले, तेव्हा धर्मगुरूंनी एवढेच विचारले, "मग परत काय केलेस?" बक्षिसाचे पेन परत करता येत होते; शब्द कसे परत करणार?

त्या रात्री मी ते मासिक बाबांपुढे ठेवले. त्यांनी ते दोन परिच्छेद पुन्हा वाचले, या वेळी मनातल्या मनात. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग पेन्सिल मागितली आणि माझ्या वहीत त्या परिच्छेदांखाली मूळ लेखकाचे नाव स्वतःच्या हाताने लिहिले.

बाबा आता नाहीत. वही आहे. तिच्यातील माझी शाई फिकी झाली. ते नाव अजून स्पष्ट वाचता येते.