दोन घरांच्या नोंदी



आमची सूनबाई आर्किटेक्ट आहे म्हटलं की शिरवळमध्ये पहिला प्रश्न येतो, "मग आमच्या बंगल्याचा नकाशा काढून देईल का?" एमआयडीसी आल्यापासून इथे बांधकामं जोरात आहेत, तेव्हा विचारणाऱ्यांचंही काही चुकत नाही. पण आमच्या सूनबाईचा विटा-सिमेंटशी संबंध नाही. सरकारी आरोग्यसेवेत जे वेगवेगळे संगणकी कारभार चालतात, ते एकमेकांना जोडायचे कसे हे ती ठरवते. पदाचं नाव 'सिस्टिम्स इंटिग्रेशन आर्किटेक्ट'. आठवड्यातले काही दिवस पुण्याला जाते, काही दिवस घरूनच काम करते. तिच्या कामाविषयी आज मुद्दाम लिहिते आहे, कारण त्याचा आपल्या बायकांशी फार जवळचा संबंध आहे.

मी बी.कॉम. केलं तेव्हा सगळे हिशेब हातानेच. कीर्दीत नोंद, कीर्दीवरून खतावणी, शेवटी तेरीज. सगळ्यांत कटकटीचं वाटायचं ते बँक जुळवणी पत्रक. पासबुकात एक शिल्लक, आपल्या रोख पुस्तकात दुसरी, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर! मग फरक कुठे पडला ते शोधत बसायचं. सूनबाईचं काम मला समजलं ते या वाटेनेच.

आरोग्य खात्यात वह्या किती आहेत बघा. गरोदर बाईची नोंद आरसीएच पोर्टलवर, क्षयरोग्याची 'निक्षय'वर, बाळाच्या लसींची 'यू-विन'वर. रक्तदाब-मधुमेहाच्या तपासणीची वेगळी, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या ऑपरेशनची आणखी वेगळी. प्रत्येक वही वेगळ्या वर्षी, वेगळ्या कारणाने सुरू झाली. उपकेंद्रातली आरोग्यसेविका एकाच बाईचं नाव चार ठिकाणी भरते.

त्यात प्रत्येक वहीची भाषा निराळी. एका प्रयोगशाळेत 'एचबी' लिहितात, दुसरीत 'हिमोग्लोबिन'. एक यंत्र १०.५ म्हणतं, दुसरं १०५. दोन्ही खरे, कारण एक ग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये सांगतं, दुसरं प्रति लिटरमध्ये. माणसाला हे कळतं, संगणकाला कोणीतरी सांगावं लागतं. म्हणून अशा तपासण्यांना जगभर ठरलेले क्रमांक आहेत, त्या यादीला 'लॉइंक' म्हणतात. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा क्रमांक ७१८-७. निरोप कोणत्या साच्यात पाठवायचा त्याचंही 'फायर' नावाचं प्रमाण आहे. आपल्या केंद्र सरकारने आरोग्य नोंदींची मानकं २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये सुधारली. या साच्यांत जुन्या वह्या बसवणं हे सूनबाईचं रोजचं काम.

पण हा सोपा भाग, असं ती म्हणते. अवघड प्रश्न एकच: या वहीतली बाई आणि त्या वहीतली बाई एकच आहे का?

पुरुषाचं नाव जन्मभर तेच राहतं. आपलं लग्नात आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, पुष्कळ घरांत तर पाळण्यातलं नावही बदलतं. जन्मतारीख म्हणावी तर माझ्या वयाच्या निम्म्या मैत्रिणी शाळेच्या दाखल्यावर १ जूनलाच जन्मल्या आहेत! मोबाईल नंबर नवऱ्याचा. त्यातून पहिलं बाळंतपण माहेरी. पहिले सात महिने नोंद एका गावात, बाळ जन्मलं दुसऱ्या गावात, लसी थोड्या इथे, थोड्या तिथे.

यात काय पणाला लागतं ते मी स्वतः अनुभवलं आहे. १९८३ साली माझं पहिलं बाळंतपण माहेरी सांगलीला झालं. माझा रक्तगट निगेटिव्ह, बाळाचा पॉझिटिव्ह. अशा वेळी बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळलं, तर आईचं शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं आणि ती पुढच्या बाळाच्या रक्तपेशींवर तुटून पडतात. म्हणून बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत 'अँटी-डी' नावाचं इंजेक्शन देतात. तीन वर्षांनी मला पुन्हा दिवस गेले, तेव्हा इकडच्या डॉक्टरांनी विचारलं, "मागच्या वेळी ते इंजेक्शन दिलं होतं का?" सासरी कोणालाच माहीत नव्हतं. सासऱ्यांनी सांगलीला ट्रंक कॉल लावला. तो लागेपर्यंत दुपार झाली, आणि ती दुपार मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. शेजारच्या दुकानातल्या फोनवर आईला बोलावलं. तिने पत्र्याच्या पेटीतली चिठ्ठी शोधून आणली आणि वाचून दाखवली. इंजेक्शन दिलं होतं. चिठ्ठीवर नाव मात्र माझं माहेरचं होतं, कारण तिथली नर्स मला लहानपणापासून त्याच नावाने ओळखत होती.

हे सांगितल्यावर सूनबाई म्हणाली, "आई, आजींनी जे केलं तेच मी पगार घेऊन करते. फरक एवढाच, माहेरचं नाव वाचून 'ही आपलीच मुलगी' हे माझ्या संगणकाला कळत नाही."

त्याला ते शिकवायचं कसं? नाव, गाव, वय, फोन, प्रत्येकाला गुण द्यायचे. पुष्कळ गुण जुळले तर दोन नोंदी एकाच बाईच्या, फारच कमी जुळले तर वेगळ्या. मधल्या संशयाच्या जोड्या माणसाकडे पाठवायच्या, म्हणजे त्या बाईला ओळखणाऱ्या आरोग्यसेविकेकडे. एका बैठकीत तिला सांगितलं गेलं की यात फार वेळ जातो, यंत्रालाच ठरवू दे. ती अडून बसली. मला तिचं म्हणणं लगेच पटलं. एका गिऱ्हाइकाची चुकून दोन खाती उघडली तर वसुलीला त्रास होतो, पण दोन गिऱ्हाइकांचं एक खातं केलं तर एकाचं देणं दुसऱ्याच्या माथी बसतं. इथे तर प्रश्न रक्तगटाचा, चालत नसलेल्या औषधाचा. नोंद सापडली नाही तर डॉक्टर पुन्हा तपासतो. चुकीची सापडली तर तो तिच्यावर विश्वास ठेवतो.

आता आपल्यापुरतं. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. त्यात प्रत्येकाला १४ अंकी 'आभा' क्रमांक घेता येतो. घेणं ऐच्छिक आहे. सगळ्यांचे कागद एकाच कपाटात जमा होतात असा पुष्कळांचा समज आहे, तसं नाही. तपासणी जिथे झाली तिथेच नोंद राहते. दुसऱ्या डॉक्टरांना ती हवी असेल तर कशासाठी, कोणती आणि किती दिवसांसाठी हे सांगून ते संमती मागतात. आपण हो म्हणावं किंवा नाही म्हणावं, दिलेली संमती परतही घेता येते. अचौर्य व्रतात न दिलेलं घेणं म्हणजे अदत्तादान हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते फक्त वस्तूंना लागू आहे असं थोडंच आहे?

पण ही संमती येते मोबाईलवर, आणि तो मोबाईल असतो नवऱ्याचा नाहीतर मुलाचा. तपासणी आपली, निरोप वाजतो दुसऱ्याच्या खिशात. आमच्या घरातले पुरुष चांगले आहेत, तुमच्याही घरातले असतील. तरी गर्भाशयाचा आजार, क्षयाचं औषध, मनाच्या डॉक्टरांकडची भेट हे घरात कधी आणि कोणाला सांगायचं, ते तिचं तिने ठरवायला हवं. सूनबाई म्हणते की कितीही चांगली रचना केली तरी या ठिकाणी तिचे हात बांधलेले आहेत. फोन कोणाचा द्यायचा हे ती ठरवू शकत नाही, आपण ठरवू शकतो.

म्हणून मैत्रिणींनो, 'आभा' काढलाच तर स्वतःच्या नंबरवर काढा. नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच दवाखान्यात सांगा. केसपेपरवर माहेरचं नाव असेल तर त्यावर सासरचंही लिहून घ्या. मुलगी किंवा सून बाळंतपणाला निघाली की माता-बाल संरक्षण कार्ड तिच्या बॅगेत आधी जाऊ दे, डिंकाचे लाडू मागून. आणि आपला रक्तगट, चालत नसलेली औषधं, झालेली ऑपरेशनं एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. वह्या जुळायला अजून काही वर्षं लागतील. तोवर तो कागद आपल्या अक्षरात असलेला बरा.