सोसणं आणि सावरणं

परवा माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. पीयूसीला माझ्या वर्गात होती, आता एम. एस्सी. नर्सिंग करते. परिचारिकांची मानसिक उभारी मोजणं हा तिच्या प्रबंधाचा विषय. हातात इंग्रजीतली सहा वाक्यं होती. ब्रूस स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २००८ साली अमेरिकेत मांडलेली ‘ब्रीफ रेझिलियन्स स्केल’. “सर, तुम्ही मराठी करा, कन्नड मॅडम करतील.” आमची सौ. धारवाडची, म्हणून ही सोय.

अर्ध्या तासाचं काम म्हणून बसलो, चार दिवस गेले. मी ‘सोशिकपणा’ लिहिलं, सौ.ने ‘ताळ्मे’. दोन्ही चुकलं. कारण किती सोसलंत, हे ती वाक्यं विचारतच नाहीत. पडल्यावर किती लवकर सावरता, एवढंच विचारतात. बाईच्या सोसण्याला आपल्या दोन्ही भाषांत शब्द भरपूर; सावरण्याला शोधावे लागतात. (निदान आम्हाला लागले.) शिवाय तीन वाक्यं सुलटी, तीन उलटी. प्रत्येकाला १ ते ५ गुण, उलट्यांचे फिरवून धरायचे आणि सरासरी काढायची. ३ च्या खाली उभारी कमी, ४.३ च्या वर भरपूर.

पहिला प्रयोग अक्कावर केला. माझी मावसबहीण, बावीस वर्षं नर्स आहे. चष्मा लावून तिनं वाचलं.

“कुठल्या दिवसाचं लिहू? नाइट उतरल्यावरचं, की सुट्टीचं?”

मग म्हणाली, “एका सिस्टरमागं किती पेशंट, हे कुठं विचारलंय ह्यात?”

मला उत्तर सुचलं नाही. तिनं पेन्सिलीनं भराभर खुणा केल्या. सरासरी ५ पैकी ५!

“अक्का, नाव लिहायचं नाही. मेट्रनला दाखवणार नाहीत,” मी म्हणालो.

ती गप्प बसली. मे २०२१ मधल्या एका रात्री तिच्या पाळीत तिघं गेले होते. सकाळी येऊन मागल्या दारी आंघोळ करून ती झोपली, संध्याकाळी पुन्हा ड्यूटीवर गेली. आम्हाला एवढंच ठाऊक.

“त्यातल्या एका पोराचा आवाज अजून येतो रे कानात. ‘सिस्टर, जाऊ नका.’ मला दुसऱ्या बेडकडं जायचं होतं.”

तिनं रबर मागितलं. संकटातून बाहेर यायला वेळ लागतो का, असं शेवटचं वाक्य आहे. त्यापुढची खूण पुसून ‘सहमत’वर केली.

मी पुन्हा बेरीज केली. ४.५. कोष्टकाप्रमाणे अजूनही ‘भरपूर’च.