ताट परक्याचं, रीतही त्यांचीच

आपल्या डब्यातला हिंग एखाद्या जर्मन माणसाला हुंगायला द्या. त्याच्या भाषेत हिंगाचं एक जुनं नाव आहे ‘टॉयफेल्सड्रेक’, म्हणजे सैतानाची घाण. ज्या फोडणीशिवाय आपल्याला वरण वरणासारखं लागत नाही, ती जगाच्या दुसऱ्या टोकाला सैतानाच्या खात्यात जमा झालेली आहे. म्हणून जगातल्या ‘विचित्र’ पदार्थांबद्दल वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. विचित्रपणा पदार्थात कमी आणि आपण टेबलाच्या कुठल्या बाजूला बसलो आहोत यात जास्त असतो.

आता सुट्टीत परदेशी जाणारी कुटुंबं वाढली आहेत. मुलं परदेशात शिकतात, मुली-जावई तिकडे नोकरी करतात. त्यामुळे परक्या ताटासमोर बसण्याची वेळ तुमच्यावरही कधी ना कधी येईल. तेव्हा नाक मुरडायचं की घास घ्यायचा? आणि घ्यायचा नसेल, तर समोरच्याचं मन न दुखावता नाही कसं म्हणायचं?

आइसलँड : विष उतरवलेला मासा

आइसलँडमध्ये ‘हाउकार्ल’ नावाचा पदार्थ मिळतो. ग्रीनलँड शार्क या माशाचं मांस ताजं खाल्लं तर अंगाला भिनतं, माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. म्हणून ते मांस पूर्वी वाळू-खड्यांत पुरून, वर दगड रचून काही आठवडे ठेवत. त्यातलं विषारी पाणी निथळून जाई, मांस आंबे आणि मग ते चार-पाच महिने वाऱ्यावर टांगून वाळवलं जाई. आज पुरण्याऐवजी पेटीत ठेवतात, पण क्रम तोच आहे. तयार झालेल्या तुकड्यांना अमोनियाचा असा वास येतो की नवख्या पाहुण्याला नाक धरून खायला सांगतात. जानेवारी-फेब्रुवारीतल्या ‘थोराब्लोत’ या हिवाळी मेजवानीत हा पदार्थ हमखास असतो.

हा पदार्थ हौसेतून जन्मलेला नाही. जिथे धान्य जेमतेम पिकतं, हिवाळा संपता संपत नाही आणि समुद्राने दिलेला एवढा मोठा मासा विषारी निघतो, तिथे लोकांनी विषाचं अन्न करायची रीत शोधून काढली. स्वीडनचा ‘सुरस्ट्रोमिंग’ हा असाच. कमी मिठात आंबवलेला हेरिंग मासा डब्यात भरतात, तो डब्यातही आंबत राहतो आणि डबा फुगतो. २००६ मध्ये एअर फ्रान्स आणि ब्रिटिश एअरवेज यांनी हे फुगलेले डबे विमानात न्यायला बंदी घातली. स्वीडिश लोक तो घराबाहेर उघडतात, काहीजण तर बादलीतल्या पाण्यात बुडवून. मग पातळ भाकरीसारख्या पावात बटाटा आणि कांद्याबरोबर मजेत खातात.

हे वाचून चेहरा वाकडा झाला असेल तर कोकण किनाऱ्यावरच्या वलांडीवर वाळणारे बोंबील आठवा. पावसाळ्यात होड्या समुद्रात जात नाहीत, म्हणून उन्हाळ्यात मासे वाळवून ठेवायचे. सोडे, सुकट, बोंबील यांचा वास कोळीवाड्यातल्या घरात भूक चाळवतो आणि शेजारच्या वस्तीत खिडक्या बंद करवतो. आइसलँड आणि कोकण यांचं हवामान वेगळं, पण आठ-पंधरा दिवसांचं नव्हे तर पुढच्या सगळ्या ऋतूचं पोट भरण्याची चिंता एकच.

जपान : आवाज चालेल, काड्या उभ्या नकोत

खाण्याच्या रीती पदार्थांहून अवघड असतात, कारण त्या कुणी लिहून देत नाही. जपानमध्ये गरम नूडल्स सुर्र आवाज करत ओढल्या तर कुणी भुवया उंचावत नाही. लहानपणी ‘भुरके मारू नकोस’ असं ऐकलेल्या मुलांना हे फार आवडतं. पण भाताच्या वाडग्यात चॉपस्टिक्स उभ्या रोवल्या, तर सगळं टेबल गप्प होईल. कारण तसा भात मृताच्या नावाने ठेवतात. एका काडीने धरलेला घास दुसऱ्याच्या काडीत देणंही वर्ज्य. दहनानंतर अस्थी उचलताना नातेवाईक काड्यांनी अशीच देवाणघेवाण करतात. सणाच्या पंगतीत कुणी कावळ्याला ठेवावं तसं पान मांडलं, तर आपल्या आजीला काय वाटेल? तेच तिथल्या आजीला वाटतं.

जपानी न्याहारीत ‘नात्तो’ असतो. उकडलेले सोयाबीन आंबवून केलेला, बुळबुळीत, तार सुटणारा, उग्र वासाचा. सोया सॉस आणि मोहरी घालून तो घोटायचा आणि गरम भातावर घ्यायचा. या नात्तोचं नाव ध्यानात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

इथिओपिया : दुसऱ्याच्या हातचा घास

इथिओपियात घरातली माणसं एकाच मोठ्या ताटाभोवती बसतात. ताटात आंबोळीसारखी मऊ, जाळीदार, आंबूस ‘इंजेरा’ पसरलेली असते. ती ‘तेफ’ नावाच्या अगदी बारीक धान्याची. तिच्यावरच डाळी, भाज्या, रस्से वाढतात. उजव्या हाताने इंजेराचा तुकडा तोडायचा आणि त्यानेच कालवण उचलायचं. इथपर्यंत आपल्याला सगळं घरचंच वाटतं.

मग यजमानीण स्वतःच्या हाताने घास करून तो थेट तुमच्या तोंडाशी आणते. याला ‘गुर्शा’ म्हणतात. घास जितका मोठा, तितकी माया जास्त. उष्टं-खरकटं पाळणाऱ्या घरात वाढलेल्या आपल्या माणसाचं मन इथे क्षणभर अडखळतं. पण आपल्याकडेही नवरा-नवरी पंगतीत उखाणा घेऊन एकमेकांना घास भरवतातच की. आपण ते लग्नापुरतं ठेवलं, त्यांनी रोजच्या जेवणात पाहुण्यालाही दिलं. गुर्शा नाकारणं म्हणजे माया नाकारणं, म्हणून तोंड उघडणंच बरं.

आणि शाकाहारी वाचकांनो, हा देश तुमच्यासाठी सुखाचा आहे. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत बुधवार, शुक्रवार आणि ईस्टरपूर्वीचा मोठा उपवास असे वर्षातले कितीतरी दिवस मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. त्यामुळे ‘येत्सोम बेयायनेतू’, म्हणजे उपवासाचं मिश्र ताट, सर्रास मिळतं. त्यात मसुराचं तिखट कालवण असतं आणि बरेचदा ‘शिरो’ असतं. शिरो म्हणजे हरभऱ्यासारख्या कडधान्याच्या पिठाचं घट्टसर कालवण. पहिल्या घासाला तुम्ही ‘हे तर आपलं पिठलं!’ म्हणालच.

मेक्सिको आणि बस्तर : किडे खाणारी माणसं

मेक्सिकोतल्या वाहाका शहराच्या बाजारात बायका टोपल्यांतून लालसर कुरकुरीत ढीग विकतात. ते असतात नाकतोडे, ‘चापुलिनेस’. लसूण, लिंबू आणि मीठ लावून भाजलेले. आपण चणे-फुटाणे खातो तसे लोक ते येता-जाता खातात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातल्या सुमारे २ अब्ज लोकांच्या आहारात किडे असतात आणि खाल्ल्या जाणाऱ्या जाती १९०० हून अधिक आहेत. म्हणजे अपवाद ते नव्हेत.

यासाठी मेक्सिकोपर्यंत जायचीही गरज नाही. गडचिरोलीच्या पलीकडे बस्तरच्या आठवडी बाजारात झाडावरच्या लाल मुंग्यांची ‘चापडा’ चटणी पानावर मिळते. आंबट, झणझणीत. ओडिशातल्या मयूरभंजमधल्या सिमलीपालच्या अशाच ‘काई’ चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जे मानांकन नागपूरच्या संत्र्याला आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला आहे, तेच या मुंग्यांच्या चटणीलाही आहे.

नाही म्हणायचं, पण कसं?

याचा अर्थ प्रत्येकाने सगळं खाल्लंच पाहिजे असा मुळीच नाही. धर्म, व्रत, तब्येत किंवा नुसती नावड, यांपैकी कुठलंही कारण पुरेसं आहे. फक्त काही गोष्टी आधीच ठरवून ठेवा.

‘मी शाकाहारी आहे’ एवढं सांगून भागत नाही. जपानमध्ये भाजीच्या सूपमध्येही बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो आणि तो कुणी ‘मासा’ म्हणून मोजत नाही. थायलंडमध्ये परतलेल्या भाजीतही फिश सॉस पडतो. इटलीचं अस्सल पार्मेसान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने दूध फाडूनच केलं जातं. म्हणून काय चालत नाही त्याची नावं तिथल्या भाषेत कागदावर लिहून जवळ ठेवा.

त्यांच्याच परंपरेतला शाकाहार शोधा. थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल रंगात इंग्रजी १७ या आकड्यासारखं दिसणारं अक्षर असलं की ते ‘जे’ जेवण समजा. त्यात मांस, मासे, अंडी, दूध नसतंच, कांदा-लसूणही नसतो. जैन कुटुंबांनाही ते सोयीचं, फक्त कंदमुळांबद्दल विचारून घ्यावं. जपानमध्ये बौद्ध मठांची ‘शोजिन र्‍योरी’ ही शाकाहारी परंपरा आहे, मात्र सूप कशाचं आहे हे तिथेही विचारा.

आणि शब्द जपून वापरा. ‘मला हे चालत नाही’ आणि ‘शी, हे काय खाता!’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिलं वाक्य स्वतःबद्दल आहे, दुसरं समोरच्याच्या आईच्या हाताबद्दल. मुलं हा फरक तुमच्याकडूनच शिकतात.

खरी परीक्षा घराजवळ

परदेशात आपण पाहुणे असतो, त्यामुळे जरा सांभाळून वागतो. आपल्याच देशात मात्र तो सांभाळ सुटतो.

नागालँडमध्ये ‘अखुनी’ करतात. सोयाबीन उकडायचे, पानांत बांधायचे आणि चुलीच्या उबेला काही दिवस आंबू द्यायचे. मणिपूरमध्ये त्याला ‘हवाईजार’ म्हणतात, सिक्कीम-दार्जिलिंगकडे ‘किनेमा’. जपानचा नात्तो ज्या जातीच्या जिवाणूंनी आंबतो, तेच जिवाणू इथेही काम करतात. नात्तो आपण ‘जपानी लोकांच्या दीर्घायुष्याचं रहस्य’ म्हणून कौतुकाने वाचतो. अखुनीच्या वाट्याला काय आलं? २००७ मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्य भारतातून येणाऱ्यांसाठी एक पुस्तिका काढली. त्यात बांबूचे कोंब आणि अखुनीसारखे वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास न होता शिजवावेत असा सल्ला होता. दिल्लीत लग्नासाठी अखुनी शिजवायला जागा शोधणाऱ्या मित्रमैत्रिणींवर २०१९ मध्ये ‘अ‍ॅक्सोन’ नावाचा चित्रपटही निघाला. अ‍ॅक्सोन हे अखुनीचंच इंग्रजी स्पेलिंगमधून आलेलं रूप.

विचार करा. एकोणीस वर्षांची मुलगी दोन हजार किलोमीटरवर शिकायला येते. घरची आठवण येते म्हणून आईने बांधून दिलेली पुडी उघडते आणि दारावर थाप पडते. मुंबई-पुण्यात भाड्याचं घर शोधताना ‘तुम्ही मासे खाता का?’ हा प्रश्न किती मराठी घरांनीही ऐकला आहे. वास सगळ्यांनाच येतो. पण कुणाच्या वासाला ‘फोडणी’ म्हणायचं आणि कुणाच्या वासाला ‘त्रास’, हे बहुसंख्य ठरवतात.

त्यामुळे पुढच्या प्रवासाची तयारी आजच करता येईल, तीही तिकीट न काढता. मुलाच्या वर्गात आसामचा, केरळचा किंवा मणिपूरचा कुणी असेल तर त्याच्या डब्यात काय असतं ते विचारायला सांगा. शेजारी नवं कुटुंब आलं असेल तर वाटीभर काहीतरी पाठवा. ती वाटी आपल्याकडच्या रीतीप्रमाणे रिकामी परत येणार नाही. येईल त्यातलं तुम्हाला चालत असेल तर चाखा. चालत नसेल तर तसं हसून सांगा आणि ते कसं करतात ते मात्र नक्की विचारा.