सफाळ्याच्या पलीकडचं एडवण

मुंबईची लोकल विरारला संपते, अशी अजूनही अनेक घरांत समजूत आहे. एप्रिल २०१३ पासून ती डहाणूपर्यंत जाते. विरारनंतर वैतरणा, त्यानंतर सफाळे. सफाळ्याला उतरून एसटी किंवा रिक्षाने समुद्राच्या दिशेला निघालं की भातखाचरं आणि वाड्या ओलांडत आपण एडवणला पोहोचतो. उत्तरेला केळवे, दक्षिणेला कोरे आणि दातिवरे. दातिवऱ्यापाशी वैतरणा समुद्राला मिळते आणि मुखाच्या पलीकडे अर्णाळा दिसतो.

आम्ही नालासोपाऱ्याहून घरच्या सगळ्यांसह गेलो होतो. निमित्त होतं जमिनीचं. ‘मुंबईजवळ, समुद्राजवळ, हप्त्याने प्लॉट’ अशा जाहिराती हल्ली आपल्या मोहल्ल्यांतही फिरतात. दोन खोल्यांत सहा माणसं राहणाऱ्या घराला त्या वाचून स्वप्नं पडणारच. म्हटलं, आधी गाव तर बघू.

किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत चादर अंथरून जोहरची नमाज पढलो. बरोबरच्या धाकट्याने विचारलं, मुसाफिर म्हणून दोनच रकात ना? नाही. कसरला पाऊणशे-ऐंशी किलोमीटरचा प्रवास लागतो. एडवण त्याच्या आतलं निघालं. पूर्ण चार पढायला लागल्या, तेव्हा हे गाव आपल्याला किती जवळ आहे ते खरं कळलं.

गावात आशापुरी मातेचं देऊळ आहे आणि नवरात्रात तिथे लांबून लोक येतात. कोटही आहे, म्हणजे आता त्याचे अवशेष. या पट्ट्यात केळवे, माहीम, शिरगाव, मथाणे, कोरे, दातिवरे अशी कोटांची रांगच आहे. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशाहने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. दोनशे वर्षांनी, १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत, चिमाजीअप्पांनी तो त्यांच्याकडून घेतला. पुस्तकांत इतिहास इथेच संपतो. आम्हाला मात्र याहून जुनी गोष्ट आठवत होती.

एडवणच्या उत्तरेला, तारापूरला लागून चिंचणी आहे. तिथे १९५५ च्या सुमारास ताम्रपट सापडले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. राष्ट्रकूट राजांनी या किनाऱ्याचा, संजाण मंडळाचा, कारभार एका ‘ताजिक’ म्हणजे अरब माणसाकडे सोपवला होता. ताम्रपटात त्याचं नाव ‘मधुमती’ असं आहे. विद्वानांच्या मते ते ‘मुहम्मद’. या अधिकाऱ्याने काय केलं? प्रवाशांसाठी नदी ओलांडायला फुकट होड्या ठेवल्या आणि अन्नछत्र घातलं. तिथे तांदळाचा भात, कालवण आणि तूप मिळे. एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठालाही त्याच्या संमतीने जमीन दिली गेली. आपण आज ज्याला सदका-ए-जारिया म्हणतो, ते हजार वर्षांपूर्वी या खाड्यांवर चालू होतं, आणि होडीत बसणाऱ्याला कुणी धर्म विचारत नव्हतं. मुलांच्या शाळेच्या पुस्तकात हे का नाही, हा प्रश्न आम्हाला परतीच्या वाटेवरही सोडत नव्हता.

खाडी इथल्या जगण्याला आजही आडवी आहे. विरार समोर, पण रस्त्याने गेलं तर साठेक किलोमीटरचा वळसा. २०२५ मध्ये विरारच्या मारंबळपाड्याहून सफाळ्याच्या बाजूला रो-रो बोट सुरू झाली. माणसं आणि गाड्या पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे जातात. तिकीट लागतं, पण वळसा वाचतो. बोट आली तसे प्लॉटवालेही वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून जमिनीबद्दल थोडं सविस्तर. वाडीत नारळ आणि केळी बघून मन हरखतं, पण ती शेतजमीन असते. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन सहज विकत घेता येत नाही, त्याला परवानगी लागते. पालघर जिल्ह्यात आदिवासींच्या जमिनी पुष्कळ आहेत. त्या बिगर-आदिवासीच्या नावे करायच्या तर जिल्हाधिकारी आणि सरकारची मंजुरी हवी. भरतीरेषेजवळ सीआरझेडची बंधनं वेगळी. यातलं बरंचसं सातबारा आणि फेरफार काढले की दिसतं. रंगीत कागदावर दिसत नाही. हप्ते भरून झाल्यावर ‘नावावर होत नाही’ असं ऐकायला मिळालेली दोन कुटुंबं आमच्या ओळखीत आहेत. मुलीच्या लग्नाचे पैसे त्यात गेले.

गावात राहणाऱ्यांची अडचण आणखी निराळी. कॉलेज, मोठं हॉस्पिटल, नोकरी यांसाठी पालघर, बोईसर किंवा मुंबई गाठावी लागते. पहाटेची गाडी चुकली की हजेरी गेली, कारण विरारच्या पुढे लोकल मोजक्याच. वाडीत भेटलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी शहाळी फोडून दिली, पैसे घ्यायला तयार होईनात. त्यांचे दोन्ही मुलगे वसईच्या बाजूला राहतात. पानवेल आता किती दिवस टिकणार, असं आम्ही विचारलं तर ते म्हणाले, वेलीला रोज माणूस लागतो, आणि माणूस गाडीत असतो.

प्लॉटचा विचार आम्ही तिथेच सोडला. आमच्या अम्मींनी मात्र काकांना सांगून ठेवलं आहे, पावसाळ्यानंतर पुन्हा येऊ आणि येताना घरची बिर्याणी आणू. काकांनी विचारलं, शाकाहारी करता येते का? अम्मी म्हणाल्या, तुमच्या वाडीतल्या केळफुलाची करून बघते.