झोनल, झोन आणि मधली जागा

मराठी विभागाचा संपादक माझा रूममेट आहे. "काहीतरी लिही" म्हणून तो महिनाभर मागे लागला होता. कविता मला जमत नाही आणि प्रेमात पडायला सबमिशनमधून सवड झाली नाही. म्हणून म्हटलं, जे खरंच घडलं तेच लिहावं. घडलं ते एवढंच, की आम्ही सांगलीत हरलो. पण कसे हरलो, ते सांगण्यासारखं आहे.

त्या वर्षी झोनल स्पर्धा सांगलीला होत्या. पहाटे साडेपाचला सातारा स्टँडवर आम्ही दहा जण, दोन बॉल आणि सर. एसटीत बसायला जागा मिळाली यातच आम्हाला अर्धी मॅच जिंकल्यासारखं वाटलं. कराड, पेठ नाका, आष्टा करत सांगलीत पोचेपर्यंत सगळ्यांची झोप झाली होती आणि आमच्या कॅप्टननं तीनदा प्लॅन सांगून झाला होता. तो फायनल इयरचा. ही त्याची शेवटची झोनल. तो हे बोलून दाखवत नव्हता, पण पहिल्या वर्षापासूनचा तोच जुना नी-कॅप त्यानं त्या दिवशी घातला होता.

पहिला क्वार्टर झकास गेला. १४-११, आम्ही पुढे. समोरची टीम एकास एक खेळत होती आणि ड्रिबल करून माणूस काढणं हा माझा आवडता धंदा. मी पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल माझ्या हातात जास्त आणि शहाणपणाही माझाच जास्त!

दुसऱ्या क्वार्टरला त्यांनी झोन लावला. ज्यांना बास्केटबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. झोनमध्ये प्रत्येक जण एकेका खेळाडूला धरत नाही, एकेक जागा धरतो. २-३ झोन म्हणजे दोन जण पुढे, तीन जण बास्केटखाली. बॉल जिकडे जाईल तिकडे पाचही जण एकदम सरकतात. तुम्ही एकाला चकवून आत घुसलात तर दुसरा तिथे आधीच उभा! आपल्या रेक्टर सरांनी प्रत्येक मजल्यावर एकेक वॉचमन बसवला तर रात्री दहानंतर आत येणं जसं होईल, तसंच. एकाला गुंगवता येतं, पण पुढच्या वळणावर दुसरा असतोच.

अमेरिकेतल्या एनबीएत २००१ पर्यंत झोनला बंदीच होती. आपल्याकडे मात्र आंतरराष्ट्रीय नियम चालतात आणि त्यांत झोन बिनधास्त लावता येतो. त्यात बॉल हातात आल्यापासून शॉट मारायला २४ सेकंद. आम्ही काय केलं? बाहेरच्या बाहेर बॉल फिरवला. माझ्याकडून डावीकडे, डावीकडून माझ्याकडे, माझ्याकडून उजवीकडे. अठरा सेकंद झाले की बेंचवरून ओरड सुरू, "मार, मार!" मग कोणीतरी लांबून मारायचा आणि बॉल रिंगच्या अलीकडेच खाली.

बॉल अलीकडे का पडतो हे आम्हाला तेव्हा कळलं नाही. ते साताऱ्याला परत आल्यावर कळलं. आमच्या सिमेंटच्या कोर्टवर तीन पॉइंटच्या दोन रेषा आहेत. एक जुनी, सव्वासहा मीटरची आणि दुसरी २०१० च्या नियमाची, पावणेसात मीटरची. नवी रेष पुसट झालेली, जुनी ठळक. सगळी टीम वर्षभर ठळक रेषेवरून प्रॅक्टिस करत होती! अर्धा मीटर म्हणजे फार नाही, असं सर्व्हेच्या प्रॅक्टिकललासुद्धा कोणी म्हणू नये.

पण खरं कारण रेषेचं नव्हतं, आणि तेच लिहायला मला अवघड जातंय.

आमच्यात फर्स्ट इयरचा एक पोरगा होता, माण तालुक्यातला. शाळेत कबड्डी खेळलेला, बास्केटबॉल कॉलेजात आल्यावरच हातात घेतलेला. टीममध्ये आला तो उंचीमुळे. झोन लागल्यावर तो फ्री-थ्रोच्या रेषेपाशी जाऊन उभा राहायचा, बरोब्बर पुढचे दोन आणि मागचे तीन यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, आणि हात वर करायचा. प्रत्येक वेळी. मला तो दिसत होता. दिसत नव्हता असं म्हणणं खोटं ठरेल. पण मनात यायचं, याच्या हातून बॉल सुटेल, याला काय कळतंय, त्यापेक्षा मीच काहीतरी करतो. आणि मी पुन्हा दोघांच्या मध्ये घुसायचो आणि पुन्हा बॉल घालवायचो.

मधल्या दोन क्वार्टरमध्ये मिळून आमचे नऊ पॉइंट झाले. मॅच २९-४७. झोनलमध्ये झोननंच मारलं, असा विनोद कोणीतरी केला, पण कोणी हसलं नाही. कॅप्टननं नी-कॅप काढला, घडी घालून बॅगेत ठेवला. मला वाटलं आता हा मला झापणार. तो एवढंच म्हणाला, "मधला मोकळा होता रे." झापलं असतं तर बरं झालं असतं.

परतीच्या एसटीत तो फर्स्ट इयरवाला माझ्या शेजारी आला. सगळ्यांनी सांगलीचं भडंग घेतलं होतं. त्यानं मांडीवर सॅक घेतली, भडंगातले शेंगदाणे वेचून त्यावर मांडले. दोन पुढे, तीन मागे.

"दादा, रागावणार नसशील तर एक सांगू? ह्यो तर कबड्डीचाच डाव हाय."

"कसा काय?"

"चढाई करणारा सरळ साखळीत शिरत न्हाई. ह्या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात पळवतो समद्यांना. साखळी वळायला उशीर झाला की मधी फट पडती. तिथं हात मारायचा. माणसापेक्षा बॉल जोरात पळतो, मग आपण कशाला पळायचं?"

मी गप्प. थोड्या वेळानं त्याला विचारलं, "मग तू मॅचमध्ये ओरडला का नाहीस?"

"हात वर केला हुता की, दादा."

कराड येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही प्रॅक्टिस बदलली. पहिलं काम म्हणजे पुसट रेष रंगवली. ड्रॉइंग हॉलमधून टेप आणला, वर्कशॉपमधून रंग आणला (वर्कशॉपच्या मामांनी हे वाचलं असेल तर क्षमस्व). मग सरांनी शेंगदाण्यांचं शास्त्र कोर्टवर उतरवलं. समोर दोन जण असतील तर आपण दोघं उभं राहायचं नाही, एकच उभा राहायचा, म्हणजे त्याला कोणी धरायचं यातच त्यांचा गोंधळ होतो. दोघं बाजूला, एक मध्ये, एक बास्केटजवळच्या कोपऱ्यात. बॉल मध्ये गेला की झोन आत गोळा होतो, मग बाहेरचा मोकळा. झोन बाहेर पसरला की मधला मोकळा. शॉट हुकला तरी रिबाउंडला घुसायचं, कारण झोनमध्ये कोणी कोणाला ठरवून अडवलेलं नसतं. आणि सगळ्यात सोपं म्हणजे त्यांचा झोन लागायच्या आतच पळत जाऊन बास्केट करायची.

कागदावर सोपं आहे. मला सगळ्यात जड गेलं ते बॉल लगेच सोडणं. सरांनी महिनाभर मला ड्रिबल करायलाच बंदी घातली होती. बॉल आला की दोन सेकंदांत पास. पहिला आठवडा मला हात बांधल्यासारखं वाटत होतं.

पुढच्या वर्षी तीच टीम पुन्हा समोर आली. दुसऱ्या क्वार्टरला त्यांनी झोन लावला. मी बॉल उजवीकडे दिला, परत आला, डावीकडे दिला, आणि मधला हात वर झाला. या वेळी दिला. त्यानं वळून मारला, आत. पुढच्या वेळी त्याच्यावर दोघं धावले, त्यानं कोपऱ्यात दिला, आत. सलग पाचव्यांदा असं झालं तेव्हा त्यांच्या सरांनी टाइमआउट घेतला. टाइमआउटनंतर ते एकास एक खेळायला लागले.

त्यांनी झोन सोडला! बेंचवर आम्ही वर्ल्ड कप जिंकल्यासारखं ओरडलो. प्रेक्षकांना काही कळेना, कारण स्कोअरबोर्डवर तेव्हा आम्ही चार पॉइंटनी मागेच होतो. ती मॅचही शेवटी आम्ही हरलो, सहा पॉइंटनी. ते आमच्यापेक्षा चांगले खेळतात, हे कबूल करायला लाज कसली? रात्री कॅप्टनला पुण्याला फोन केला. तो नोकरीला लागला होता. हरलो म्हटल्यावर त्यानं पहिलं हेच विचारलं, "मध्ये पास गेला का?"

"गेला," मी म्हटलं.

"मग बास."

आता फायनल इयरला मी आहे आणि कॅप्टन तो माणचा पोरगा आहे. तो अजूनही ओरडत नाही, हातच वर करतो. आपल्या हॉस्टेलवर, वर्गात, प्रोजेक्टच्या ग्रुपमध्येही असा एखादा हात वर करून उभा असतो. मला तरी तो दिसायला एक अख्खी झोनल घालवावी लागली.